पाव्हण्यांचा पाय

आंबेगावात जाऊन ‘कोंढऱ्यांचं घर कुठलं हो?’ असं विचारू नये. मी विचारलं. पानटपरीवरच्या गृहस्थांनी आधी माझ्याकडे, मग माझ्यामागे रिक्षात बसलेल्या, मागच्या पायाला प्लास्टर घातलेल्या कुत्र्याकडे पाहिलं आणि हात सगळ्या गल्लीवरून सावकाश फिरवला.

“हे काय… सगळीच कोंढऱ्यांची.”

माझ्या फॉर्मवर ‘विक्रम कोंढरे, बंगला, निळं फाटक’ एवढंच होतं. निळी फाटकं दोन निघाली. एकाला कुलूप होतं. दुसरं सताड उघडं, अंगण धुतलेलं, दारात रांगोळी. मी मनात म्हटलं, वा! कुत्र्यासाठी रांगोळी? असं घर ‘ओसरी’ला आजवर मिळालं नव्हतं.

‘ओसरी’ म्हणजे आमची संस्था. संस्था म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. रस्त्यावर जखमी झालेली कुत्री उचलायची, त्यांचं औषधपाणी करायचं आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाच्या तरी घरी ठेवायची. आमची स्वतःची एक खोलीही नाही. पुण्यात विखुरलेली तेवीस तात्पुरती घरं आहेत, त्यांना आम्ही फॉस्टर म्हणतो. माझी मैत्रीण तनुजा घरं जुळवते, मी जाऊन ती तपासते. उरलेल्या वेळात मी, सुरुची खरे, कर्वेनगरच्या एका क्लिनिकमध्ये लोकांचे गुडघे वाकवते. फिजिओथेरपिस्ट आहे.

दार उघडलं ते हिरवी इरकल नेसलेल्या, ठसठशीत कुंकवाच्या एका बाईंनी. त्या तुळजाबाई.

“या, या! एकट्याच आलात?”

“हो. आधी मी एकटीच येऊन घर बघते. पसंत पडलं तर मग पुढचं.”

“बराबर हाय,” त्या आदराने म्हणाल्या. “समदं नीट बघून घ्यावं मानसानं.”

मला सोफ्यावर बसवलं. पोहे आले. मग आतून एक उंच, सावळा माणूस आला. शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, केस ओले, आणि चेहरा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागल्यासारखा. मी फाइल उघडली.

“घरात कोण कोण असतं?”

“मी आणि आई. ताईचं लग्न झालंय, ती सासवडला असते.”

“दिवसभर घरी कोण?”

“आई. माझा मार्केट यार्डात गुळाचा गाळा आहे. पहाटे जातो, चारपर्यंत परत.”

“छान. एकटं ठेवू नका. एकटं पडलं की फार रडतात.”

“नाही… एकटं कशाला ठेवू?”

“दिवसातून दोनदा बाहेर फिरवून आणावं लागेल.”

“दोनदा?” त्याने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच ‘हो म्हण’ म्हटलं. “आणीन की.”

“झोपायची सोय?”

तुळजाबाई एकदम खोकल्या. त्याचे कान लाल झाले. “वर… वरची खोली आहे. स्वतंत्र.”

“वर नको. जिना चढता यायचा नाही. पाय मोडलाय ना.”

“पाय मोडलाय?” तुळजाबाई खालीच बसल्या. “आवो, फोटूत तर चांगली उभी हाय!”

“फोटो जुना असेल. पण सहा-सात आठवड्यांत ठणठणीत होईल. स्वभाव एकदम गरीब. फक्त अनोळखी माणूस दिसलं की जरा गुरगुरतात. खाण्याचे नखरे नाहीत, अंडी तर जीव की प्राण. आणि एक…” मी पान उलटलं, “आमच्याकडून पाठवताना आम्ही नसबंदी करूनच पाठवतो.”

तुळजाबाईंच्या हातातला चमचा बशीत पडला.

“आगं बाई! कुनाची?”

त्याच क्षणी बाहेरून रिक्षावाल्याचा आवाज आला, “ओ मॅडम! तुमच्या कुत्र्यानं माझी सीट खाल्ली!”

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, फाइलवरच्या पंजाच्या चित्राकडे पाहिलं, परत माझ्याकडे.

“म्हणजे तुम्ही… स्थळाकडून नाही?”

“मी कुत्र्याकडून आलेय.”

तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तो उंबऱ्यावर बसला आणि डोळे पुसत हसत राहिला. एवढा मोठा माणूस असं लहान मुलासारखं हसताना मी कधी पाहिला नव्हता. मला राग यायला हवा होता. आला नाही… का कोण जाणे.

त्याचं नाव इंद्रजीत. विक्रम म्हणजे कुलूपवाल्या फाटकातला त्याचा चुलतभाऊ. त्याला फोन लावला, तर मागे समुद्राचा आवाज. “मॅडम, मी आत्ता अलिबागला आहे… पुढच्या महिन्यात बघू या का?”

मी रिक्षापाशी उभी राहिले. तनुजाकडे त्या दिवशी रिकामं घर नव्हतं. रिक्षावाला सीटकडे बघत होता आणि कुत्रा माझ्याकडे. खांद्यामागून इंद्रजीतचा आवाज आला.

“दोन दिवस राहू दे इथे.”

“दोनच,” तुळजाबाईंनी दारातून बजावलं. “पाव्हना म्हनून.”

इंद्रजीतने कुत्र्याला दोन्ही हातांवर उचलून घेतलं आणि नेमकी तेव्हाच खरी स्थळाकडची मंडळी गाडीतून उतरली. मुलगा कुत्रा कडेवर घेऊन उभा, पोहे एका परक्या बाईने संपवलेले. ते स्थळ तिथेच फिसकटलं.

आम्ही कुत्र्याचं नाव भैरू ठेवलं होतं. पण तुळजाबाईंनी पहिल्याच संध्याकाळी “भैरू, भांड्यातनं तोंड काढ!” अशी हाक मारली आणि शेजारच्या अंगणातून त्यांचे मोठे दीर, भैरूनाना, ताट घेऊन उठले. दोन दिवस त्यांनी भावजयीशी अबोला धरला. तेव्हापासून कुत्र्याचं नाव पाव्हणं. “पाव्हणं, जेवून घ्या.” “पाव्हणं, चपला खायच्या न्हाईत.”

दोन दिवसांचे चार झाले, चाराचे चाळीस. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता पायाचा व्यायाम. पाय टेकवायला शिकवायचं, कमी उंचीच्या आडव्या दांड्यांवरून चालवायचं. तुमचंच काम आहे सुरुची, महिनाभर करा.”

म्हणून मी मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी क्लिनिक संपवून बायपासवरून स्कूटर दामटत आंबेगावला जाऊ लागले. इंद्रजीतने अंगणात गुळाची रिकामी गोणपाटं गुंडाळून एका ओळीत मांडून ठेवली होती. मी पुढून पाव्हण्यांना बोलवायची, तो मागून कमरेला आधार द्यायचा. त्याच्या हातांना गुळाचा वास यायचा. गोड, किंचित धुरकट. घरी येऊन ओढणी काढली तरी तो वास तिथेच.

“मॅडम, तुम्ही माणसांनाही असंच रागावता का?” त्याने एकदा विचारलं.

“माणसं ऐकत नाहीत. कुत्री ऐकतात.”

“माझी कंबर दुखते हल्ली. पोती उचलून.”

“क्लिनिकमध्ये या. नंबर लावा.”

“तिथे गोणपाटावरून उड्या मारायला लावाल?”

“तुम्हाला पोत्यातच घालीन.”

तो हसला. मी हसू लपवायला पाव्हण्यांचा पंजा उगाचच तपासला. ते शहाणे, माझं तोंड चाटून मोकळे झाले.

व्यायाम संपला की चहा. चहात साखर नाही, गूळ. तुळजाबाई पायरीवर बसून भाजी निवडायच्या आणि मला एकेक स्थळ सांगायच्या. “ही सासवडची पोरगी. ही फलटनची, बँकेत हाय. ह्याला सांगा की, बघून तरी ये.”

“जाऊन या की,” मी म्हणायची. आवाज अगदी सरळ ठेवून.

“पाव्हण्यांचा व्यायाम बुडेल,” इंद्रजीत गंभीरपणे म्हणायचा, आणि कपावरून माझ्याकडे बघायचा. मी भेंडीकडे बघायची.

महिना संपत आला होता. एका गुरुवारी शेवटच्या पेशंटने दांडी मारली आणि मी अर्धा तास आधी पोचले. फाटकाशी स्कूटर बंद केली, हेल्मेट काढलं… आणि तशीच थांबले.

अंगणात भैरूनानांची तांबडी कोंबडी जिवाच्या आकांताने पळत होती. तिच्यामागे पाव्हणे. चारही पायांवर! वळणं काय, उड्या काय! एका झेपेत त्यांनी पाण्याची टाकी ओलांडली. आणि इंद्रजीत कमरेवर हात ठेवून ओरडत होता, “अरे डावीकडून! डावीकडून घे तिला!”

मी हळूच दोन पावलं मागे आले. आता खरं म्हणजे आनंदाने ओरडत आत जायला हवं होतं. पाय बरा झाला होता. माझ्या हाताला यश आलं होतं. मी मात्र फाटकाआड उभी राहून हिशेब करू लागले. पाय बरा झाला म्हणजे व्यायाम संपला. व्यायाम संपला म्हणजे…

मी स्कूटरचा हॉर्न वाजवला. दोनदा. जरा थांबून तिसऱ्यांदा. मग आत गेले.

कोंबडी गायब होती. इंद्रजीत गोणपाटं नीट करत होता, दम लागलेला. आणि पाव्हणे मला पाहताच लंगडू लागले. कान पाडून, मान वाकडी करून, अगदी करुण.

फक्त ते डावा पाय लंगडत होते. मोडला होता उजवा.

इंद्रजीतच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने घाईघाईने मधे उभं राहून डावी बाजू झाकली. “आज जरा जास्तच दुखतोय वाटतं.”

मी गुडघ्यावर बसले. उजवा पाय हातात घेतला, वाकवला, सरळ केला. स्नायू दगडासारखे पक्के. मी त्या पायाकडे बराच वेळ पाहिलं. दहा वर्षांत मी पेशंटशी कधी खोटं बोलले नाही.

“हं…” मी म्हणाले. “अजून पंधरा दिवस तरी लागतील.”

“पंधरा?” तो पटकन म्हणाला. “वीस धरू या. उगाच घाई नको.”

“वीस चालतील.”

पायरीवर तुळजाबाई मेथी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “त्याचा पाय कवाच बरा झालाय. बाकीच्यांचं काय ते बघा.”

आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढचे दोन आठवडे फार सुखाचे गेले, हे कबूल करते. सगळे मिळून एक लंगडणं सांभाळत होतो. पाव्हण्यांना उजवा-डावा शेवटपर्यंत जमलं नाही. एकदा तर त्यांनी पुढचा पाय उचलून दाखवला. मी मान हलवून “हं, उतरतंय हळूहळू” म्हणाले.

मग एका सोमवारी तनुजाचा फोन आला. कर्वेनगरला एका अर्धवट इमारतीच्या तळघरात कुत्री व्यायली होती, पाच पिल्लं, आणि तळघरात पाणी शिरत होतं.

“सुरुची, मी यादी वाचते, कुठे जागा होईल ते सांग. कोथरूड… दोन आहेत तिथे. सिंहगड रोडवाल्यांना ताप आलाय. आंबेगाव, कोंढरे…” ती थांबली. “तो अजून लंगडतोय ना? बारा आठवडे झाले यार.”

माझ्या तोंडून शब्द गेला. “हो. लंगडतोय.”

“बरं. बघते मी काहीतरी.”

तिने काय बघितलं ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. तनुजाचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. बाथरूममध्ये कुत्री आणि पाच पिल्लं, बादल्या पलंगाखाली, आणि तनुजा शेजाऱ्यांकडे आंघोळ करून आली होती. सर्वांत लहान पिल्लू तिने ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. थंडगार पडलेलं. ती ड्रॉपरने थेंब थेंब दूध घालत होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“हे जगेल असं वाटत नाही गं,” ती म्हणाली. “सादळलेल्या बाथरूममध्ये कसं जगणार? एक कोरडी, मोठी खोली असती ना…”

आंबेगावची खालची खोली कोरडी होती. मोठीही होती. तिथे कोंबड्यांमागे धावणारा एक धडधाकट कुत्रा राहत होता, कारण मला मंगळवारी चहा हवा होता.

“तनुजा,” मी म्हणाले, “त्याचा पाय तीन आठवड्यांपूर्वीच बरा झालाय.”

तिने मान वर केली. तिला सगळं समजायला अर्धं मिनिट लागलं. मला वाटलं ती ओरडेल. ती फक्त म्हणाली, “घर कुणासाठी असतं ते तूच मला शिकवलंस.” त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

ते पिल्लू मी माझ्या घरी नेलं. गरम पाण्याची पिशवी, दर दोन तासांनी दूध. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझं बोट जोरात चोखलं, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले. मग डोळे पुसले आणि पाव्हण्यांची जाहिरात टाकली. ‘वय तीन वर्षे. पाय पूर्ण बरा. प्रेमळ. कायमचं घर हवं.’

तासाभरात फोन. “मी श्रीधर गुर्जर, नारायण पेठ. निवृत्त गणित शिक्षक. ‘प्रेमळ’ असं सगळेच लिहितात. चावतो का, ते सांगा.”

शनिवारी मी आंबेगावला पोचले. गोणपाटं मांडलेली होती. पाव्हणे लंगडू लागले.

“नका मांडू आता,” मी इंद्रजीतला म्हणाले. “पाय बरा झालाय.”

तो गोणपाट हातात धरून उभा राहिला. “कधी?”

“तीन आठवडे झाले.”

“मला माहीत होतं.”

“तुम्हाला माहीत होतं हे मला माहीत होतं.”

“आडनाव खरे,” तो जरा हसून म्हणाला, “आणि वीस दिवस—”

“इंद्रजीत, त्याला घर मिळालंय. नारायण पेठेत. परवा गृहस्थ बघायला येतील.”

हसू तिथेच विझलं. त्याने गोणपाट खाली ठेवलं, परत उचललं. “मीच ठेवतो की त्याला. कायमचा. फॉर्म द्या, सही करतो.”

हेच मला ऐकायचं होतं आणि हेच ऐकायचं नव्हतं. “तुम्ही ठेवलंत तर तो एक राहील. तुमचं दार उघडं राहिलं तर वर्षाला दहा जगतील. आत्ता एका बाथरूममध्ये कुत्री आणि तिची पिल्लं आहेत. माझ्यामुळे आहेत. मी ही जागा अडवून ठेवली.”

“म्हणजे तुम्हाला जागा हवी आहे,” तो हळूच म्हणाला.

“हो… म्हणजे, तसं नाही—”

“नाही, बरोबर आहे तुमचं.” त्याचा आवाज एकदम परका, गाळ्यावर गिऱ्हाईकाशी बोलावं तसा. “मला वाटलं होतं… जाऊ द्या. जागा रिकामी करून देतो.”

त्या दिवशी चहा झाला नाही. मी फाटकाबाहेर आले तेव्हा पाव्हणे माझ्यामागे पळत आले. लंगडायचं पार विसरून.

श्रीधरकाका सोमवारी छत्री घेऊन आले. काठीसारखे ताठ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी पाव्हण्यांकडे पाहिलं, पाव्हण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. तुळजाबाईंनी डोळ्याला पदर लावला होता.

“मी रोज पाच ते सहा फिरतो,” काका कुत्र्यालाच उद्देशून म्हणाले. “पाऊस असो, पाहुणे असोत. जमणार असेल तर सांगा.”

पाव्हणे उठले, चालत गेले, चारही पायांवर व्यवस्थित, आणि हनुवटी काकांच्या बुटावर ठेवून आडवे झाले.

काकांनी घसा खाकरला. मग म्हणाले, “घरात फार शांतता असते हो. सौभाग्यवती गेल्यापासून. मला शांतता आवडते असं लोकांना वाटतं.” आणि वाकून त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी इंद्रजीतकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. पण त्याने मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच छोट्या टेम्पोतून आम्ही पाव्हण्यांना पोचवायला निघालो. परतीचा पाऊस लागला होता. आमच्या दोघांच्या मधे पाव्हणे बसले होते, त्यांचं अंथरूण मागे, तुळजाबाईंनी उकडून दिलेली सहा अंडी माझ्या मांडीवर. स्वारगेटपर्यंत वायपर तेवढा बोलत होता.

काकांच्या घरी पाव्हण्यांनी सगळ्या खोल्यांचा वास घेतला, आरामखुर्चीखालची जागा पसंत केली आणि आम्ही निघताना शेपटी हलवून निरोप दिला. थोडंसं तरी रडायला काय झालं होतं?

आम्ही खाली येऊन टेम्पोत बसलो. इंद्रजीतने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मग त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि तो रडायला लागला. खांदे गदागदा हलवून, आवाज करून.

नारायण पेठेतली गल्ली. तीत दोन्ही बाजूंना स्कूटर आणि मधे आमचा टेम्पो. मागे एक हॉर्न वाजला. मग तीन. मग सगळेच.

“इंद्रजीत… अहो…”

“एक मिनिट,” तो म्हणाला. “फक्त एक मिनिट.”

माझ्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. छत्री धरलेल्या एक बाई वाकून बघत होत्या. मी काच खाली केली.

“काय झालंय?”

“त्यांचा कुत्रा… दत्तक दिला.”

“अरेरे.” त्यांनी मनापासून मान हलवली. “रडू द्यात. पण गाडी बाजूला घेऊन रडायला सांगा. मागे गॅसची गाडी अडकलीय.”

मी काच वर केली. माझा रुमाल त्याच्या हातात दिला. त्याने नाक पुसलं.

“खरं सांगू?” तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. “दुःख पाव्हण्यांचं आहे. पण अर्धंच.”

“आणि उरलेलं?”

बाहेर हॉर्न. पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता.

“मंगळवार,” तो म्हणाला. “गुरुवार. शनिवार.”

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“मी जागेसाठी येत नव्हते,” मी म्हणाले. “म्हणजे सुरुवातीला येत होते. मग… एका निरोगी कुत्र्याला मी तीन आठवडे लंगडा ठरवलं, इंद्रजीत. डॉक्टरला कळलं तर माझी डिग्री परत मागतील. हे मी जागेसाठी केलं?”

तो माझ्याकडे वळला. डोळे लाल, पापण्या ओल्या, आणि त्या सगळ्यातून तेच उंबऱ्यावरचं हसू वर येत होतं.

“मग कशासाठी केलं?”

“तुम्हाला चांगलं माहीत आहे.”

“नाही. सांगा. मी मार्केट यार्डातला माणूस, तोंडी सांगितल्याशिवाय सौदा होत नाही.”

“मला तुम्ही आवडता,” मी म्हणाले. इतक्या मोठ्याने, की छत्रीवाल्या बाई परत वळून बघू लागल्या. “आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार मी मोकळीच असते. रविवारचं तर तुम्ही कधी विचारलंच नाहीत!”

त्याने माझा हात हातात घेतला. गुळाचा वास, पावसाचा वास, उकडलेल्या अंड्यांचाही वास. मला त्याचं काही वाटलं नाही.

“रविवारी आई पुरणपोळी करणार आहे,” तो म्हणाला. “पिल्लांची आई आज घरी येतेय म्हणून. म्हणते, बाळंतीण आहे, नीट करायला हवं. खोली सारवल्यासारखी पुसून ठेवलीय सकाळपासून.”

“कुत्र्यांना पुरणपोळी चालत नाही!”

“मग आपल्यालाच खावी लागेल.”

काचेवर पुन्हा टकटक. या वेळी एक आजोबा. “काय ठरलं तुमचं? पुढे रस्ता खणलाय, मागच्यांना सरकवलंय, मागेच घ्यावी लागेल. चला, मी सांगतो. येऊ द्या!”

बघता बघता अर्धी गल्ली टेम्पो मागे काढायला जमली. आजोबा एक सांगत होते, छत्रीवाल्या बाई दुसरं, गॅसच्या गाडीवरचा माणूस तिसरंच. तनुजाकडे पाच जणं आणि माझ्या घरी एक, आंबेगावला जायला आमची वाट बघत होती. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तोंडावर पावसाचे थेंब, आणि मागे बघून ओरडले, “थोडं डावीकडे घे… अजून… अरे थांब, थांब! स्कूटर आहे!”

टेम्पो गचकन थांबला. मी डोकं आत घेतलं. इंद्रजीत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून माझ्याकडे बघत होता.

“काय म्हणालात?”

“थांब म्हणाले.”

“त्याच्या आधी.”

मला आठवलं. कान तापले.

“…अरे म्हणाले.”

मागे पाच हॉर्न एकदम वाजले. आजोबा बॉनेटवर छत्रीची मूठ आपटत होते. तो जागचा हलला नाही.

“अजून एकदा म्हण ना, सुरुची.”

“अरे,” मी म्हणाले, “गाडी काढ.”